पुढची पाटी

परतवाडा,
९ सप्टेंबर २००३

गफ्फारभाई,

जय भीम अन् सलाम, दोन्ही तुलेच. पत्र नत्थुजी कंडक्टरच्या हाती देऊन राहिलो. पीसीओवर बोलनं मले पटत नाई, तू तिकडून वरडतो अन् माह्या मागची रांग आपल्या घरच्या गोष्टी ऐकते. नत्थुजीबी पत्र उघडून वाचते म्हना, पन तो एकटा वाचते. (नत्थुजी, राम राम. वाचून झालं का नीट घडी घालजा.)

काम सांगतो. सोमवारी घाटाच्या पायथ्याशी चेकिंग लागली होती. आरटीओचे नवे साहेब, चष्मेवाले, बोलाले गोड. माह्या काळीपिवळी जीपच्या समोर उभे राहिले, पुढची मराठी पाटी पाहिली अन् म्हनाले, "काका, हे चालत नाही. पुढे-मागे दोन्हीकडे अक्षरं इंग्रजी, आकडे इंग्रजी. नियम आहे." मी म्हटलं, साहेब, मागं जाऊन पाहा, मागं सगळं इंग्रजीतच हाये. मागची पाटी सरकारची, पुढची मानसाची. रस्त्यावर वाट पाहत उभं राहनारं मानूस गाडी पुढूनच पाहते का नाई? ते म्हनाले, "कुठल्याही राज्याच्या पोलिसाला नंबर वाचता आला पाहिजे." मी म्हटलं, अन् बसनाऱ्याले? गाडी अमरावती जिल्ह्याची, डायवर परतवाड्याचा, बसनारे मेळघाटातले, मंग आकडेच काहून लंडनचे?

साहेब हसले अन् पावती फाडली. पंधरा दिवसात पाटी बदल, नाईतर परमिट जाईन.

मी काहून अडून बसलो थे तुले माहीत हाये. पायल दीड वर्षाची होती तवा केशर माहेरी निघाली, तिच्या मायचं काही खरं नोतं. मी एसटीच्या ड्यूटीवर. तिले पाटी वाचता येत नोती. बसली कोन्या गाडीत अन् उतरली कोठी, तं अकोल्याले! मायचं तोंड पाहाले भेटलं नाई. म्हातारपनी साक्षरतेच्या वर्गात गेली, आकडे शिकली, अन् वर्गाबाहेर तिनं पयलं काय वाचलं? माह्या जीपची पुढची पाटी. एक चार, एक चार. आंगनात टाळ्या वाजवल्या बाईनं. चौदा एप्रिल बाबासाहेबाची जयंती अन् चौदा ऑक्टोबर दीक्षेचा दिवस. या नंबरासाठी तं मी इंजिन न पाहता जुनी गाडी घेतली. आता थे मी पुसू?

नाई पुसत. पन परमिटबी पाहिजे. म्हनून मधला रस्ता काढला. वरच्या ओळीत एमएच २७ ए हे इंग्रजीत लिही, साहेबाचं मन राहीन. खालच्या ओळीत १४१४ मराठीत, आपलं मन राहीन. पिवळ्यावर काळं. रेडियम नको, तुहा ब्रश पाहिजे.

पायल म्हनते, बाबा, पाटीचं भांडन सोडा, मले गाडी चालवाले द्या. लायसन काढलं, बिल्ला काढला, अन् बसली हाये. मी म्हटलं, घाटात पोरीचं काम नाई. दोन दिवस झाले, बोलत नाई माह्याशी.

तुहा,
देवमन तायडे


अकोट,
१६ सप्टेंबर २००३

देवमन,

वालेकुम सलाम, अन् जय भीमबी घे. पाटी नत्थुजीच्या सीटखाली हाये, सुती कापडात गुंडाळून. पेंट वाळला हाये तरी बोट लावू नको, तुह्या बोटाले कायम ग्रीस राहते.

अबे, किती दिवसानं कोनी ब्रशचं काम सांगितलं! अठी दोन जिनिंग बंद पडल्या. पयले या दिवसात कापसाच्या गाठीवर मार्का टाकाले मले जेवाले फुरसत नसे. आता कापसाले कोनी पुसत नाई तं गाठी कोठून येतीन? राहिल्या नंबर प्लेटा, थ्या रेडियमवाल्यानं खाल्ल्या. कैचीनं कापते, चिटकवते, दहा मिनिटात खेळ खतम. अन् लोक म्हनतात, वा, काय सफाई!

तुह्या नंबरात मी जान ओतली. तुले माहीत हाये, ब्रश एकदा टेकला का आकडा पुरा झाल्याबिगर मी उचलत नाई. वालिदनं, माह्या बापानं, तसंच शिकवलं. म्हनून माह्या एकाचं डोकं गोल गरगरीत अन् शेपूट झोकात. अन् चाराचं वरचं तोंड मी उघडं सोडत नाई, फिरवून मिळवून टाकतो. उघड्या तोंडाचा चार मले नेहमी उपाशी दिसते. रेडियमवाल्याच्या कैचीले सांग म्हना असं वळाले.

उज्माचा फुरकान मजेत. जीप अकोट-अकोला चालवते. अमरावतीहून जुनी गाडी घेतली, तिची रेडियमची पाटी तशीच ठेवली. सासरा पेंटर, अन् जावई रेडियम लावून फिरते! उज्मा म्हनते, अब्बू, नाराज नका होऊ. मी कायले नाराज होतो? होतो थोडा.

पायलले गाडी दे. माही पोरगी असती तं मी कवाच देल्ली असती. कुलसुमबीचा केशरभाभीले सलाम.

अब्दुल गफ्फार पेंटर


परतवाडा,
२८ सप्टेंबर २००३

गफ्फारभाई,

पाटी लावली. काय आकडे काढले लेका! स्टँडावरचे डायवर येऊन हात फिरवून गेले. केशरनं कुकू लावलं पाटीले. मी म्हटलं, अवं, आपल्यात हे चालत नाई. तं म्हने, मंग फूल लावते. लावलं.

चष्मेवाले साहेब मंगळवारी पुन्हा भेटले. वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, मान हालवली. "काका, अर्धंच ऐकलं तुम्ही." मी म्हटलं, साहेब, अर्धं तं ऐकलं ना! पुन्हा पावती. पन पाटी जाग्यावर हाये.

बाकी ठीक. गुरुवारी गाडीची मधली सीट धुवा लागली. पार्वताबाई बाजाराले टमाटे आनते, तिची टोपली सांडली. डाग काही निघत नाई.

देवमन


अकोट,
२४ ऑक्टोबर २००३

देवमन,

मोठा घोर लागला हाये.

पोलिसांनी फुरकानची जीप नेली. साखळी घालून ठाण्यासमोर उभी केली. तीही तुह्याच भागात, परतवाड्याकडं. झालं काय, पंचवीस सप्टेंबरले, गुरुवारी, संध्याकाळी, घाटातून उतरून एका जीपवाल्यानं तिकडच्या एका दवाखान्यात रक्तबंबाळ मानूस आनून टाकला. श्रावण नावाचा मजूर. गावात काम नाई म्हनून सायकलनं परतवाड्याले मजुरीले येत असे. वॉचमननं नाव विचारलं तं जीपवाला म्हने, मागून येतो, अन् पळाला. वॉचमननं वहीत नंबर टिपला. २७ ए, अन् पुढं 9898. थो फुरकानचा नंबर हाये.

श्रावण जिवंत हाये, पन महिना झाला, अजून बोलत नाई. त्याचे घरचे म्हनतात, ज्यानं आनून टाकला त्यानंच उडवला, नाईतर नाव न सांगता कायले पळीन? खरं सांगू, मीबी तेच म्हटलं असतं.

पन फुरकान त्या दिवशी तापानं घरात पडला होता. घाट तं त्यानं उभ्या जन्मात पाहिला नाई. साक्षीदार कोन? उज्मा. बायकोची साक्ष कोन मानते? दर दोन दिवसाले त्याले बोलावतात, दिवसभर बाकड्यावर बसवतात अन् संध्याकाळी म्हनतात, परवा ये. थो आता जेवत नाई.

तू त्या रोडवरचा जुना मानूस. सगळे डायवर तुले मानतात. त्या दिवशी कोनाची जीप घाटातून आली, पता काढ. सवाल माह्या इज्जतीचा नाई, माह्या पोरीच्या घराचा हाये.

गफ्फार


परतवाडा,
२९ ऑक्टोबर २००३

गफ्फारभाई,

पत्र भेटलं. विचारपूस करून राहिलो.

त्या वॉचमननं नंबर पुढून पाहिला का मागून? वहीत आकडे इंग्रजीत लिहिले का मराठीत? नीट विचारून सांग.

रमजान लागला, कुलसुमभाभीची तबियत सांभाळजो.

देवमन


अकोट,
६ नोव्हेंबर २००३

देवमन,

चार ओळी? तीस वर्षं तू माह्या घरी मुक्कामाच्या गाडीचा डायवर म्हनून जेवला, कुलसुमबीनं तुह्यासाठी येगळी भाजी टाकली, अन् मी माह्या पोरीचं घर जळून राहिलं म्हनून सांगतो तं तू चार ओळी लिहितो? पुढून का मागून! जनाब, तुमी ठानेदार कवापासून झाले?

फुरकान वॉचमनले भेटला. गाडी फाटकातून आत येत होती तवा त्यानं पुढून पाहिला. वहीत इंग्रजीत लिहिलं. वॉचमन शिकेल हाये, दहावी पास. घे तुहं उत्तर.

काल फुरकाननं रोजा ठाण्याच्या बाकड्यावर सोडला. एका हवालदारानं त्याले पानी देल्लं, अल्ला त्याचं भलं करो. उज्मा म्हनते, जीप विकून टाकू, पन साखळीतली जीप घेते कोन? फुरकान काल मले म्हने, अब्बू, मी लिहून देतो का मीच उडवला, एकदाचं सुटीन तरी. समजते तुले हे?

तू येशीन म्हनून मी दोन येळा स्टँडावर नत्थुजीची गाडी पाहून आलो. तू आला नाई.

अब्दुल गफ्फार


परतवाडा,
११ नोव्हेंबर २००३

गफ्फार,

नत्थुजी, हे पत्र तुमी वाचा, खुशाल वाचा, अन् स्टँडावर सगळ्याइले सांगा. मी आता लपवत नाई.

श्रावणले दवाखान्यात मी टाकलं.

त्या गुरुवारी घाटाच्या वळनावर सायकल आडवी पडली होती अन् बाजूले मानूस. कोनी उडवलं मले माहीत नाई, मी आलो तवा रस्त्यावर ट्रकच्या चाकाचे घसटल्याचे निशान होते. पार्वताबाई खाली उतरली, नाकाजवळ हात धरला अन् म्हने, भाऊ, जित्ता हाये, उचला. मधल्या सीटवर आडवा टाकला. थे टमाटे नोते गफ्फार, थे रक्त होतं. तुले खोटं लिहिलं.

दवाखान्यात वॉचमन म्हने, नाव सांगा. गाडीत सोळा मानसं अन् परमिट नवाचं. पुढं ती पाटी, जिच्यासाठी साहेबानं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, मागून येतो. गेलो नाई. भ्यालो. छत्तीस वर्षं गाडी चालवली, एक कुत्रंबी चाकाखाली आलं नाई, अन् एका वहीले भ्यालो.

तुहं ऑक्टोबरचं पत्र आलं तवा मले काहीच समजे ना. नंबर तं फुरकानचा! मंग एक दिवस गाडी ढाब्यावर लावली होती, तठी एक पंजाबी ट्रकवाला चहा पिऊन राहिला होता. त्याले म्हटलं, सरदारजी, ये नंबर पढो. त्यानं वरची इंग्रजी ओळ वाचली अन् त्याच झोकात खालची वाचली. नाइन एट नाइन एट.

मी चहा तसाच ठेवला अन् पाटीसमोर उकिडवा बसलो.

वरती इंग्रजी पाहिलं का डोळा खालतीबी इंग्रजीच वाचते. एकाचा नऊ झाला अन् चाराचा आठ. माह्या चौदाचे अठ्ठ्यान्नव झाले, अन् तुह्या जावयाच्या गळ्यात पडले. तरी मी चार ओळीचं पत्र लिहिलं. वाटलं, श्रावण बोलीन, आपोआप सुटीन सगळं, माही पाटीबी राहीन अन् परमिटबी. थुकजो माह्या तोंडावर, मी येईन तवा.

उद्या सकाळी पाटी खोलून ठाण्यात जातो. केशरले सांगितलं. ती म्हने, आजच काहून नाई?

देवमन


अकोट,
१२ नोव्हेंबर २००३

देवमन,

नत्थुजीनं पत्र सकाळच्या पयल्या गाडीनं आनलं. दुपारच्या गाडीनं हे परत पाठवतो.

दोन आठवडे तुले माहीत होतं! दोन आठवडे माहा जावई त्या बाकड्यावर बसला अन् तू पाटीकडं पाहत बसला? मले इतका गुस्सा आला का मी तुहं पत्र फाडाले घेतलं. उज्मानं हातातून वढून घेतलं. म्हने, अब्बू, हे पत्रच तं फुरकानचा पुरावा हाये. मी माफ केलं नाई तुले, ध्यानात ठेव.

पन एक गोष्ट उज्मानंच दाखवली. दुकानाच्या भिंतीवर मी ब्रश साफ कराले आकडे काढतो ना, तठी ती बोट ठेवून उभी राहिली. "अब्बू, हे चार हाये का आठ?" मी म्हटलं, चार. ती म्हने, "तोंड कोनी बंद केलं याचं?"

मी केलं. गोल डोक्याचा एक मी काढला. मिटल्या तोंडाचा चार मी काढला. तीस वर्षं ज्याचा तोरा मिरवत फिरलो, त्यानंच माह्या पोरीच्या मानसाले ठाण्यात बसवलं. तू भ्याला, पन आकडा माहा होता. ठाण्यात हे सांगजो. नाव टाकजो माहं, अब्दुल गफ्फार पेंटर, अकोट.

नाई, सांगू नको. थांब. एकटा जाऊ नको. परवा जुम्म्याची नमाज झाली का मी येतो. दोघं जाऊ.

गफ्फार


परतवाडा,
२० नोव्हेंबर २००३

गफ्फारभाई,

तुहं "थांब" भेटलं तवा मी ठाण्याच्या त्याच बाकड्यावर बसलो होतो. नत्थुजी गाडी स्टँडावर लावून पत्र द्याले ठाण्यात आला. डोळे लाल होते त्याचे, म्हने, धूळ गेली. वाचलं असीन, दुसरं काय.

फुरकान घरी पोचला, जीप पोचली, हे तुले माहीत हाये. झालं कसं थे ऐक.

मी पाटी खोलून पिशवीत नेली. ठानेदारापुढं टेबलावर ठेवली अन् म्हटलं, साहेब, वाचा. ते म्हनाले, हे काय? मी म्हटलं, वाचा तं खरं. "एमएच सत्तावीस ए, अठ्ठ्याण्णव अठ्ठ्याण्णव." अन् उभेच राहिले. "ही त्या अकोटवाल्याची पाटी तुझ्याकडे कशी?"

मी दारातून पार्वताबाईले आत बोलावलं. ती अंगठेबहाद्दर होती रे, केशरनंच तिले हिशोबापुरते आकडे शिकवले. ती पाटीकडं पाहूनच म्हने, "चौदा चौदा. देवमनभाऊची गाडी. याच्यात आमी त्या मानसाले आनलं. थो पयलेच पडेल होता." तिच्या मागं आनखी अकरा बाया-मानसं होते, सकाळपासून बाहेर बसेल. मी कोनालेच बोलावलं नोतं. केशर आदल्या दिवशी सांगून आली होती. एकेकानं येऊन तेच सांगितलं. पाटी कोनी कोनी वाचली, बाकीच्यांनी नुसती ओळखली.

साहेब खुर्चीवर बसले. पाटी जवळ घेतली, दूर धरली. मंग मराठीत वाचली, हळू. मंग मले म्हनाले, "आधी का नाही आलात?" मी म्हटलं, भ्यालो. ते म्हनाले, "नियम पाळला असता तर हे झालं असतं का?"

तठी मात्र माहं टाळकं सरकलं. मी म्हटलं, साहेब, पळालो थे चूक. सोळा मानसं कोंबले थे चूक. भोगतो. पन नियम म्हनसान तं मी पुरा मोडला होता तवा काही झालं नाई. सगळी पाटी मराठी होती तवा कोनी एकाचा नऊ वाचला नाई. तुमच्या भीतीनं अर्धा पाळला, म्हनून बिनकसुराचं पोरगं फसलं. आता एकतर पुरा पाळतो नाईतर पुरा मोडतो. मधातलं काम बंद!

साहेबानं लिहिनं थांबवलं. वाटलं, आता बसवते आत. ते म्हनाले, "पुरा पाळा, काका."

पाटी जप्त. माहं लायसन तीन महिन्यासाठी गेलं. गाडी आंगनात उभी हाये, पुढून उघडी. तुहं नाव मी घेतलं नाई. पेंटर कोन, तं म्हटलं, आठवत नाई, म्हातारा झालो. तू नाव टाक म्हटलं, पन ब्रशचा काय कसूर?

श्रावणले काल शुद्ध आली. पयला शब्द, ट्रक. त्याचा भाऊ घरी आला होता. दारात उभा राहिला. केशरनं जेवाले वाढलं.

तू माफ केलं का नाई थे लिही.

देवमन


अकोट,
२८ नोव्हेंबर २००३

देवमन,

ईद झाली. फुरकाननं शीरखुर्म्याचे तीन कटोरे खाल्ले, तवा माहा जीव खाली बसला. थो म्हने, चाचानं उशिरा केलं, पन स्वताच्या पायानं जाऊन केलं. जावयानं माफ केलं. मी अजून विचार करून राहिलो.

नत्थुजीच्या सीटखाली दोन वस्तू हायेत.

एक, नवी पुढची पाटी. पुरी इंग्रजी, वरची ओळ अन् खालचीबी, नियमात सांगितली तितकी उंची, तितकी जाडी. पट्टी लावून काढली. चष्मेवाल्या साहेबाले सांग, मोजून घ्या. हा आकडा काढताना मी प्रत्येक कोपऱ्यावर ब्रश उचलला, देवमन. वालिदची माफी मागितली अन् उचलला.

दुसरी वस्तू लांब फळी हाये. काचेच्या वर, टपाले बसवाची. तठी लोक "आईचा आशीर्वाद" लिहितात, पोरांची नावं लिहितात, त्याले कोनी हात लावत नाई. कायदा आकड्याचा हाये. अक्षराचा नाई. हातभर उंच लिहिलं हाये, निळं. याचा नऊ कराले कोनाच्या बापाले जमनार नाई.

ही लावून झाली का मी तुले माफ केलं. पयले नाई.

अन् गाडी आंगनात कायले उभी ठेवली? लायसन तुहं गेलं, घरातल्या सगळ्याइचं गेलं का?

गफ्फार


परतवाडा,
१४ डिसेंबर २००३

गफ्फारभाईजान,

मी केशरबाई. हे माहं पयलं पत्र हाये. चुकलं तं हसू नका. यायले वाचू देल्लं नाई. नत्थुजीइले वाचू द्या.

फळी लावली. खालती इंग्रजी पाटी लावली. दोन्ही चांगल्या हायेत.

गाडी पायल चालवते. आठ दिवस झाले. पयल्या दिवशी हे फाटकात आडवे उभे राहिले. मी म्हटलं, सरका. सरकले. आता संध्याकाळी रस्त्यावर जाऊन उभे राहतात, फळी कवा दिसते पाहत.

काल मी पायलच्या बाजूले बसली होती. मागं पार्वताबाई. मोजून नऊ मानसं. घाटाखाली चष्मेवाले साहेब होते. गाडी थांबवली. खालची पाटी पाहिली. फुटपट्टी लावली. बरोबर निघाली. मंग वर पाहिलं. म्हने, "हे काय लिहिलं?"

मी म्हटलं, वाचा.

त्यांनी चष्मा पुसला. म्हने, "चौदा चौदा."

मी म्हटलं, बरोबर वाचलं. जाऊ आता?

ते बाजूले झाले. पायलनं गेर टाकला.

केशर देवमन तायडे